बोट कापलं की पाय जातोच का?

मधुमेहींच्या पायाचं ऑपरेशन ठरलं की घरच्यांची भीती एकच असते. आज बोट, उद्या पाऊल, परवा गुडघा. मग सुरुवात तरी कशाला करायची?

देवगडकडचे एक काका (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) हेच धरून बसले होते. लावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात असताना बोटाला काही रुतलं, ते त्यांना कळलंसुद्धा नाही. आधी हळद, मग कुणी सांगितलेला पाला. बोट काळं पडून वास यायला लागला तेव्हा मुलीने जबरदस्तीने आणलं. काकांचं म्हणणं, "दुखत नाय, मगे ऑपरेशन कित्याक?"

वाढलेल्या साखरेने नसा बधिर झाल्या होत्या, म्हणून दुखत नव्हतं. पू मात्र स्नायुबंधांच्या वाटेने बोटातून तळव्याकडे सरकत असतो, हाडातही शिरतो. मेलेल्या मांसात रक्त फिरत नाही, त्यामुळे तिथे अँटिबायोटिकही पोहोचत नाही. म्हणून पू मोकळा करून सडलेला भाग काढावाच लागतो, आणि त्यात दिवस घालवणं धोक्याचं.

मग काकांनी मेव्हण्यांचं उदाहरण काढलं. त्यांचं बोट काढलं आणि पुढे गुडघ्याखालून पाय गेला. खोदून विचारल्यावर कळलं की त्यांना पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला सांगितलं होतं, पण मुंबईला जायचं म्हणून ते राहून गेलं. रक्तच पोहोचत नसेल तर जखम भरणार कशी? डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) अडथळा दिसला तर अँजिओप्लास्टी किंवा बायपासने रक्त पुन्हा पोहोचवता येतं का ते पाहतात. "पायात रक्त पुरेसं येतंय का?" हा प्रश्न सर्जनना विचारा, असं मी मुलीला कागदावर लिहून दिलं.

एकाच ऑपरेशनमध्ये भागेल असं वचन मी कुणाला देत नाही. काकांचीही जखम पुन्हा एकदा साफ करावी लागली. बोट गेलं, पाऊल राहिलं. पण बोट गेल्यावर वजन दुसरीकडे पडतं आणि नवी जखम होऊ शकते, म्हणून मऊ तळाच्या, मापाच्या चपला घरातही हव्यात. मुलगी रोज रात्री तळवे बघते. देवळाच्या तापलेल्या फरशीवर मोजे घालायला काका अजून तयार नाहीत; त्यावर आमचा वाद चालू आहे.