आमचा फ्लू मनीला लागला का?

प्रश्न : डॉक्टर, गेल्या आठवड्यात घरात सगळ्यांना फ्लू झाला, आधी मुलाला मग मला मग सासूबाईंना, आणि आता आमची मनी (३ वर्षं) काल सकाळपासून शिंकतेय, नाक गळतंय, खाणं निम्म्यावर आलंय. माणसाचा फ्लू मांजराला होतो का हो? अर्धी पॅरासिटॅमॉल देऊ का? सासूबाई म्हणतात रोज थोडी कच्ची कलेजी घातली की येईल ताकद.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, आधी ती गोळी डब्यात ठेवा. मांजराला पॅरासिटॅमॉल म्हणजे विष, अर्धी काय पावही नको, तिच्या शरीराला ती पचवताच येत नाही, रक्त ऑक्सिजन नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं आणि मग आमच्याकडे धावत येतात लोक.

आता फ्लूचं. होतो, पण क्वचित. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अमेरिकेत आयोवामधल्या एका मांजराला घरच्यांकडूनच लागण झाली होती, ते मांजर नंतर बरं झालं. पण आपण ज्याला ‘कॅट फ्लू’ म्हणतो तो बहुतेक वेळा इन्फ्लुएन्झा नसतोच, हर्पिस नाहीतर कॅलिसी व्हायरस असतो, हर्पिस तर अंगात लपून बसतो आणि मांजराला ताण आला की डोकं वर काढतो, आणि आठवडाभर सगळं घर झोपून म्हटल्यावर तिलाही ताण आलाच असणार! लसीचं कार्ड बघा, बूस्टर राहिला असेल तर ती बरी झाल्यावर घ्या.

मला तुमच्या फ्लूपेक्षा त्या कलेजीची जास्त काळजी वाटते. बर्ड फ्लू, म्हणजे एच५एन१, मांजरांना फार वाईट होतो, न्यूमोनिया होतो, मेंदूपर्यंत जातो. थायलंडमध्ये २००४ साली कच्ची कोंबडी खाऊन वाघ मेले. लांब कशाला, आपल्या नागपूरला गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात २०२४ च्या डिसेंबरमध्ये ३ वाघ आणि १ बिबट्या याच व्हायरसने गेले, आणि त्यानंतर छिंदवाड्यात घरातल्या मांजरांमध्येही तो सापडला. मनी वाघाचीच मावशी, तिला वेगळा नियम नाही. कच्चं दूधही नको, अमेरिकेत २०२४ मध्ये गोठ्यातली मांजरं त्याने दगावली.

सध्या नाक कोमट पाण्याच्या कापसाने पुसा, जेवण जरा गरम करून द्या, कारण नाक चोंदलं की वास येत नाही आणि वास नाही तर मांजर तोंड लावत नाही. २४ तास काहीच खाल्लं नाही, तोंड उघडं ठेवून श्वास घेतेय, किंवा तोल जातोय असं दिसलं तर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि घरात कोणी खोकत असेल तर मनीला दोन दिवस उशीवर नको, एवढं ऐकेल का ती माहीत नाही.

कलेजी द्यायचीच तर आतपर्यंत शिजवून, मीठ कांदा लसूण न घालता, आठवड्यातून एखाद वेळी. रोज नाहीच. सासूबाईंना हे माझ्या नावावर सांगा, तुमच्या नको.