सोर्स कोड कोणाचा, आणि तोंडी कामाचे पैसे कोण देणार?

सरकारी खरेदी आणि सॉफ्टवेअर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची सहा जणांची फर्म आहे. राज्य सरकारच्या एका विभागासाठी ऑनलाइन परवाना प्रणाली बनवण्याचं टेंडर निघालं आहे. त्यात एकच ओळ आहे, ‘संपूर्ण बौद्धिक संपदा विभागाची राहील.’ आमचं रिपोर्ट काढायचं इंजिन आम्ही पाच वर्षांपासून खासगी गिऱ्हाइकांना देत आहोत, तेच इथे वापरणार. ते हातचं जाईल का? ही ओळ नसती तर बरं झालं असतं का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. खासगी गिऱ्हाइकासाठी कंत्राटावर लिहिलेला कोड, लेखी हस्तांतर नसेल तर, सहसा लिहिणाऱ्याचाच राहतो. सरकारपुढे पारडं उलटं झुकतं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ (डी) प्रमाणे ‘शासकीय कामा’चा पहिला मालक सरकार असतं, वेगळा करार नसेल तर. आणि शासनाच्या निर्देशाखाली किंवा नियंत्रणाखाली तयार झालेलं काम या व्याख्येत येतं. म्हणजे करार गप्प असला तर फायदा विभागाचाच. ती ओळ आहे हे बरंच, निदान तिच्यावर प्रश्न विचारता येतो.

तो प्रश्न विचारायची जागा एकच, प्री-बिड बैठक, म्हणजे बोली भरण्याआधीची शंकांची बैठक. टेंडरमधल्या ठरावीक तक्त्यात, मुदतीच्या आत, पान क्रमांक आणि कलम क्रमांकासह प्रश्न पाठवा. उत्तर कॉरिजेंडममध्ये, म्हणजे टेंडरच्या दुरुस्तीपत्रकात, आलं तरच ते टेंडरचा भाग होतं. अधिकाऱ्याने फोनवर ‘हो हो, तुमचं तुमच्याकडेच राहील’ म्हटलं त्याला कागदावर काही किंमत नाही. आणि बोलीसोबत स्वतःची अट जोडाल तर ती सशर्त बोली म्हणून तांत्रिक छाननीतच बाद होईल.

कोडचे तीन ढीग करा. पहिला, या कामासाठी नव्याने लिहिणार तो. हा विभागाला द्या, त्यावर भांडू नका. दुसरा, तुमचं आधीचं इंजिन. तिसरा, ओपन सोर्स आणि इतरांकडून घेतलेले घटक. दुसऱ्या ढिगासाठी परिशिष्ट मागा : मॉड्यूलचं नाव, आवृत्ती, पहिल्यांदा कधी तयार झालं, याआधी कुठे वापरलं. गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातल्या तारखा आणि जुनी बिलं हाताशी ठेवा. मसुदा साधारण असा सुचवा : ‘परिशिष्टातील घटकांची मालकी पुरवठादाराकडे राहील. विभागाला ते या प्रणालीसाठी कायमस्वरूपी वापरण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्या पुरवठादाराकडून त्यांची देखभाल करून घेण्याचा परवाना राहील. त्यांची स्वतंत्र विक्री करता येणार नाही.’ ‘दुसऱ्या पुरवठादाराकडून’ हे शब्द वगळू नका. विभागाची खरी भीती एकाच कंपनीच्या दावणीला बांधलं जाण्याची असते. ती भीती गेली की मालकीचा आग्रह पुष्कळदा सैल पडतो. ‘कायमस्वरूपी’ही लिहाच, कारण मुदत लिहिली नाही तर कलम १९ आणि ३० ए मिळून ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता.

तिसऱ्या ढिगाबद्दल एवढंच की जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखालचा घटक असेल तर त्याची मालकी तुम्ही विभागाला देऊच शकत नाही. तुमची नाहीच ती. एमआयटी किंवा अपाची या सैल परवान्यांच्या घटकांची मालकीही तुमची नसते, पण ते वापरलेले चालतात, त्यांच्या परवान्याच्या सूचना मात्र सोबत द्याव्या लागतात.

कॉरिजेंडममध्ये ‘टेंडरप्रमाणे’ एवढंच उत्तर आलं, तर इंजिन बाजूला ठेवून रिपोर्टचा भाग नव्याने लिहिण्याचा खर्च दरात धरा, नाहीतर बोली लावू नका. पाच वर्षांची पुंजी एका वर्क ऑर्डरवर लावणं आम्हाला महाग वाटतं.

शेवटचा हप्ता अडकतो तो कोड सोपवताना. झिप फाइल दिली आणि ती कुणाच्या मशीनवर उभीच राहिली नाही, ही नेहमीची तक्रार. पासवर्ड आणि गुप्त की काढून पूर्ण रिपॉझिटरी (कोडचा सगळा साठा), बिल्ड स्क्रिप्ट (कोडमधून चालती प्रणाली उभी करणाऱ्या आज्ञा), डेटाबेसचा स्कीमा (रचना) आणि घटकांची यादी द्या. कोऱ्या मशीनवर अधिकाऱ्यांसमोर बिल्ड करून दाखवा, फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा ओळखक्रमांक, कागदावर लिहा आणि त्याच कागदावर सही घ्या.

प्रश्न : चालू कामात अधिकाऱ्यांच्या तोंडी सांगण्यावरून दोन नवे मॉड्यूल करून दिले. ते सात महिने वापरात आहेत. मूळ कामाचं बिलही अडकलं आहे आणि जादा कामाला ‘मंजुरी नाही’ म्हणतात. आमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म उद्योग म्हणून, सेवा या प्रकारात आहे.
– एक वाचक, तिलकनगर, इंदूर

उत्तर : मूळ बिल आणि जादा काम, या दोन रकमांचे दोन रस्ते आहेत, ते एकाच पत्रात मिसळू नका.

मूळ बिलाला सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा एमएसएमईडी कायदा, २००६ लागू होतो. लेखी करार असला तरी मुदत स्वीकृतीपासून ४५ दिवसांहून जास्त असू शकत नाही. करारात मुदतच नसेल तर १५ दिवस. काम दिल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते स्वीकारलं असं मानलं जातं. म्हणून यूएटीवर, म्हणजे वापरणाऱ्यांनी घेतलेल्या स्वीकृती चाचणीवर, सही मिळत नसेल तेव्हा काम पूर्ण झाल्याचं पत्र देऊन आवक क्रमांक घ्यायचा, घड्याळ तिथून चालू होतं. उशिराचं व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ. केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज केला की तो तुमच्या भागाच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, जातो. खरेदीदार भारतात कुठेही असला तरी चालतो. कौन्सिलचा निवाडा रद्द करून घ्यायला खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, म्हणून विभाग सहसा आधीच बोलणी करतात. नोंदणी कामाच्या आधीची आहे ना, तेवढं तपासा. नंतरच्या नोंदणीचा लाभ मागच्या पुरवठ्याला मिळत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात म्हटलं. २०२५ मध्ये नोंदणीचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला, पण त्यावर विसंबून राहू नका.

जादा मॉड्यूलचं प्रकरण कठीण आहे. राज्याचा करार संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे राज्यपालांच्या नावाने आणि अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या सहीनेच व्हावा लागतो. तोंडी करार सरकारला बांधत नाही. तरी हात अगदीच रिकामे नाहीत. करार कायद्याच्या कलम ७० खाली, फुकट देण्याचा हेतू नसताना केलेल्या आणि दुसऱ्याने लाभ घेतलेल्या कामाचा वाजवी मोबदला मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये पश्चिम बंगाल विरुद्ध बी. के. मंडल प्रकरणात सरकारविरुद्ध हे मान्य केलं आहे. मोबदला वाजवी असतो, तुमच्या दरपत्रकातलाच असेल असं नाही. आज जमवायचा पुरावा : सर्व्हर लॉग, त्या मॉड्यूलचा उल्लेख असलेली विभागाची परिपत्रकं, अधिकाऱ्यांचे ईमेल. दावा लावायचा झाला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्या आणि तीन वर्षांची मुदत लक्षात ठेवा.

पुढच्या वेळी बैठक संपली की त्याच संध्याकाळी ईमेल : ‘आज सांगितलेलं हे काम मूळ व्याप्तीबाहेर आहे, अंदाजे इतके मनुष्यदिवस लागतील, लेखी मंजुरीनंतर सुरू करू.’ अधिकारी नाराज होतील, होऊ द्या.

प्रश्न : आम्ही अँटिव्हायरसचे लायसन्स विकतो. केंद्राच्या एका कार्यालयाने उद्यम प्रमाणपत्र असूनही अर्नेस्ट मनी (बोलीसोबतची अनामत) न भरल्याबद्दल बोली बाद केली. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : बहुधा बरोबर आहे. केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणातली अनामत माफीची सवलत स्वतः माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांना आहे. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. प्रमाणपत्रावरचा मुख्य व्यवसाय बघा. तिथे ‘ट्रेडिंग’ असेल तर रक्कम भरायलाच हवी. राज्याच्या विभागांसाठी हे धोरण नाही, तिथे मध्यप्रदेशचे भंडार क्रय (सामान खरेदी) नियम पाहावे लागतात.

प्रश्न : आमच्या कार्यालयात १२० कर्मचारी आहेत. दोन प्रोसेसरचा, प्रत्येकी १० कोअरचा एक सर्व्हर घेतोय, त्यावर चार व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आतले आभासी संगणक) चालतील. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं एकच लायसन्स पुरेल ना? पुरवठादार तसं म्हणतो.
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : पुरणार नाही. हे लायसन्स कोअरवर असतं, प्रोसेसरमागे किमान ८ आणि सर्व्हरमागे किमान १६ कोअर धरून. तुमचे २० कोअर, म्हणजे २ कोअरचे १० पॅक. पण सगळे कोअर एकदा भरले की स्टँडर्डमध्ये दोनच व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. चारसाठी सगळे कोअर दुसऱ्यांदा भरायचे : २० पॅक. सर्व्हर वापरणाऱ्यांसाठीचं क्लायंट लायसन्स (सीएएल) वेगळं, १२० माणसांसाठी १२० यूजर सीएएल. माणसं पाळीपाळीने एकाच मशीनवर बसत असतील तर डिव्हाइस सीएएल स्वस्त पडेल. रिमोट डेस्कटॉप वापरणार असाल तर त्याचं सीएएल आणखी निराळं.

लायसन्स पुरवठादाराच्या खात्यात नाही, कार्यालयाच्या नावावर नोंदवून घ्या. नाहीतर पुढच्या वर्षी पुरवठादार बदलताना कळतं की कागदावर तुमचं काहीच नाही. आणि टेंडरमध्ये थेट ब्रँड लिहिण्याआधी, आजच्या प्रणाली दुसऱ्यावर का चालत नाहीत याची टिप्पणी फाइलवर ठेवा. ऑडिटमध्ये पहिला आक्षेप तिथेच येतो.

प्रश्न : बिलातून जीएसटीचे २ टक्के कापले. परत मिळतात का?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : मिळतात. जीएसटी सोडून २.५ लाखांवरच्या कराराला ही कपात होते. खात्याने जीएसटीआर-७ हे कपातीचं विवरणपत्र भरलं की ती रक्कम तुमच्या पोर्टलवर दिसते. तिथे ‘अ‍ॅक्सेप्ट’ करा, कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात, जमा होईल. दिसतच नसेल तर खात्याने तुमचा जीएसटी क्रमांक चुकीचा टाकला असण्याची शक्यता मोठी, पहिला फोन त्यांच्या लेखा शाखेला.