वाचकांचे प्रश्न : कोरडवाहू मुलखातून दर्यावरच्या कामाला

जहाज, तेलाचे प्लॅटफॉर्म आणि बार्ज यांवरच्या कामाबद्दल आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. समुद्र गाठायला रात्रभर गाडीत बसावं लागतं अशा जिल्ह्यांतली ही पत्रं आहेत. तरी त्यांतले निम्मे प्रश्न विहीर, मोटार आणि साखर कारखाना यांच्याच वाटेनं समुद्रापर्यंत जातात.

लहानपणापासून विहिरीत पोहतो, कठड्यावरून मुटका मारतो. प्लॅटफॉर्मवर जाण्याआधी हेलिकॉप्टर पाण्यात पडल्याचं ट्रेनिंग असतं म्हणे. पोहणाऱ्यानं त्याला भ्यायचं काय कारण?
— एक वाचक, उदगीर

भ्यायचं कारण नाही, पण विहिरीतल्या सवयी बाहेर ठेवाव्या लागतील. मुंबई हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत आहे आणि तिथं माणसांची ने-आण बरीचशी हेलिकॉप्टरनं होते. हेलिकॉप्टरचं इंजिन, गिअरबॉक्स, पंखा असं सगळं वजन माथ्यावर असतं, त्यामुळे ते पाण्यावर उतरलं की सहज उलटं होतं. 'ह्यूएट' नावाच्या या ट्रेनिंगमध्ये पोहणं शिकवत नाहीत, हात कुठं ठेवायचा ते शिकवतात. बसल्याबरोबर आपली खिडकी हातानं चाचपून घ्यायची. पाणी छातीला लागलं की श्वास भरायचा, एक हात खिडकीच्या चौकटीवर आणि दुसरा बेल्टच्या बकलवर ठेवायचा. सगळी हालचाल थांबेपर्यंत तसंच बसायचं, मग खिडकी ढकलायची आणि बेल्ट सगळ्यात शेवटी सोडायचा.

चांगला पोहणारा नेमका इथं चुकतो. पाणी लागताच तो बेल्ट सोडून हातपाय मारतो. मग अंग तरंगत भलतीकडे जातं, चौकटीवरचा हात सुटतो आणि उलट्या केबिनमध्ये खिडकी कुठं होती ते सापडत नाही. शिवाय खिडकी ढकलायला रेटा लागतो, तो बेल्टमध्ये बांधलेल्या माणसालाच देता येतो. लाइफ जॅकेटही बाहेर पडल्यावरच फुगवायचं. आत फुगवलं तर तुम्ही बुचासारखे वर जाऊन अडकता.

आणि जहाजावरून उडी मारायची वेळ आली तर मुटका नको, सूर तर नकोच. खाली पाणी मोकळं आहे ना ते बघा. नजर समोर ठेवा, एका हातानं नाक-तोंड दाबा, दुसऱ्या हातानं जॅकेट छातीशी घट्ट धरा. मग फक्त एक पाऊल पुढे टाका आणि हवेत पाय जुळवा. जॅकेट न धरता उडी मारली तर पाणी ते जोरात वर ढकलतं आणि सगळा मार हनुवटीला व मानेला बसतो.

पोरगा बारावी झालाय, जहाजावर जायचं म्हणायलाय. एजंट तीन लाख मागायलाय. दोन एकर गहाण ठेवून द्यावेत का?
— एक पालक, केज

देऊ नका. जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला २००६ च्या सागरी कामगार करारात मनाई आहे आणि भारतानं तो करार मानलेला आहे. उमेदवारानं सोसायचा खर्च म्हणजे पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदणी पुस्तक, आणि वैद्यकीय दाखला. व्हिसाचा खर्चसुद्धा त्याच्याकडून घ्यायचा नसतो. ट्रेनिंग संस्थेची फी वेगळी. ती संस्थेच्या खात्यात जाते आणि तिची पावती मिळते. भरती करणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं सरकारी लायसन्स लागतं. तो नंबर एजंटकडून मागा आणि नौवहन महासंचालनालयाच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. नंबर दाखवायला टाळाटाळ झाली, किंवा 'आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं जहाज मिळेल' असं सांगितलं, तर तिथून उठा. सीडीसी हातात आलं म्हणजे नोकरी लागली असंही नाही.

ऊसतोडीची उचल घेतलेल्या जोडप्याला मुकादमापुढे तोंड उघडता येत नाही, हे केजमध्ये आम्ही सांगायला नको. कर्ज काढून जहाजावर गेलेल्या पोराचंही तेच होतं. धोक्याचं काम दिसत असूनही घरी पाठवतील या भीतीनं तो गप्प राहतो. सुरक्षेच्या दृष्टीनं आम्हाला त्या तीन लाखांची खरी भीती ही वाटते.

साखर कारखान्यात आणि थर्मलमध्ये पाइपचं वेल्डिंग केलंय. ऑफशोअरच्या टेस्टमध्ये माझ्यासारखे कुठं नापास होतात?
— एक वाचक, परळी वैजनाथ

टेस्ट बहुधा ६जी पोझिशनमध्ये असते. पाइप ४५ अंशांत तिरका आणि पक्का बांधलेला असतो, तो फिरवायचा नाही, तुम्हीच त्याच्याभोवती फिरायचं. हाताचा सराव तुमच्याकडे असणारच. नापासाची सुरुवात बहुतेक वेळा फिटअपमध्ये, म्हणजे वेल्डिंगआधी पाइप जुळवून बसवण्यात होते. रूट गॅप, म्हणजे दोन पाइपांमधली फट, साधारण ३ मिलिमीटर हवा आणि तो चारी बाजूंना सारखा हवा. दोन्ही पाइपच्या आतल्या कडा एका पातळीत असाव्यात, फरक दीड मिलिमीटरच्या पुढे गेला की एका बाजूला रूट, म्हणजे जोडाचा पहिला थर, बसत नाही. टॅक, म्हणजे पाइप धरून ठेवायला मारलेले छोटे टाके, ग्राइंडरनं दोन्ही टोकांना निमुळते करा, नाहीतर रूट जिथं टॅकला मिळतो तिथं लोखंड नीट एकजीव होत नाही. एक्स-रेत पहिली खूण तिथंच उमटते.

दुसरी चूक आपल्या कोरड्या हवेनं लावलेली सवय. ई-७०१८ या वेल्डिंग रॉडची पेटी फोडून महिनाभर उघडी ठेवली तरी उन्हाळ्यात इकडे काही बिघडल्यासारखं दिसत नाही. समुद्रावर हवा सदा दमट असते. रॉडच्या लेपात शिरलेल्या ओलीतून हायड्रोजन जोडात उतरतो आणि जोडालगतच्या लोखंडात तडा जातो, तोही ताबडतोब नाही, कधी एक-दोन दिवसांनी. म्हणूनच काही कामांत अंतिम तपासणी ४८ तास थांबून करतात. रॉड ओव्हनमध्ये साधारण ३५० अंशांना दोन तास भाजा, मग होल्डिंग ओव्हनमध्ये १२० च्या वर ठेवा. जागेवर नेताना क्विव्हरमधून, म्हणजे रॉड गरम ठेवणाऱ्या डब्यातून न्या, आणि बाहेर चार तासांपेक्षा जास्त राहिलेला रॉड परत करा. कंपनीची प्रोसिजर वेगळे आकडे देत असेल तर तेच पाळा. ई-६०१० मात्र चुकूनही भाजू नका, त्याच्या लेपाला ओल लागतेच.

रिटर्नबद्दलही, म्हणजे करंट मशिनकडे परत नेणाऱ्या वायरबद्दलही थोडं. शेडमध्ये सळई जमिनीवर टाकून 'अर्थिंग' केलेली चालते असं समजतात. जहाज सगळं लोखंडाचंच, त्यामुळे क्लॅम्प लांब लावला तरी आर्क पेटतो. पण मधला करंट पंपाच्या बेअरिंगमधून किंवा क्रेनच्या वायर रोपमधून जातो आणि दोन्ही खराब करतो. क्लॅम्प जोडाच्या जवळ, ग्राइंड केलेल्या लोखंडावर लावा. घामानं भिजलेल्या हातमोज्यांनी रॉड बदलू नका. मशिनवर आर्क नसतानाचा ७०-८० व्होल्टचा दाब टाकीत बसलेल्या घामट माणसाला पुरेसा ठरतो.

उन्हाळ्यात गाळ काढायला विहिरीत उतरलेली माणसं गुदमरल्याच्या बातम्या येतात. जहाजाच्या टाकीत काही विषारी भरलेलं नसेल तर तिथं तसा धोका आहे का?
— एक वाचक, भोकरदन

आहे, आणि रिकाम्या टाकीतच माणूस जास्त बेसावध असतो. लोखंड गंजतं तेव्हा हवेतला ऑक्सिजन खातं. कित्येक आठवडे बंद असलेली बॅलास्ट टाकी (जहाजाचा तोल राखायला पाणी भरायची टाकी) किंवा नांगराच्या साखळीची खोली म्हणजे चारी बाजूंनी गंजणारं लोखंड आणि मधे कोंडलेली हवा. बाहेर ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १६ वर आला की विचार चालेनासा होतो आणि १० च्या खाली माणूस कोसळतो. दम लागत नाही, वास येत नाही, कारण दम लागल्याची जाणीव शरीराला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यानं होते, ऑक्सिजन कमी झाल्यानं नव्हे.

विहिरीत पाणी खाली गेलं म्हणून इंजिन आत उतरवून चालवलं तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, गाळ ढवळला की कुजलेला वायू सुटतो. कंदील सोडून बघण्याची जुनी पद्धत दोन्हींत फसते: मोनॉक्साइडमध्ये आणि गाळाच्या विषारी वायूत कंदील खुशाल जळत राहतो. जहाजाच्या टाकीत तर तो भडका उडवेल. सडक्या अंड्याच्या वासावरही विसंबू नका. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं वाटतं आणि माणूस पुढे जातो.

पद्धत अशी. आधी पंख्यानं भरपूर ताजी हवा भरा. मग बाहेर उभं राहूनच मीटरची नळी आत सोडा आणि वर, मध्ये, तळाशी अशी तीन ठिकाणी हवा तपासा. नळी लांब असेल तर तळाची हवा मीटरपर्यंत यायला वेळ लागतो, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. क्रम बदलू नका: पहिल्यांदा ऑक्सिजन, मग ज्वालाग्राही वायू, मग विषारी. ज्वालाग्राही वायू मोजणारा नेहमीचा सेन्सर वायू जाळून मोजतो, ऑक्सिजनच कमी असेल तर तो खोटा कमी आकडा दाखवतो. उतरायला ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे बाहेरच्या हवेइतका हवा. ज्वालाग्राही वायू त्याच्या खालच्या स्फोटमर्यादेच्या (ज्याहून कमी असला तर तो पेट घेत नाही त्या प्रमाणाच्या) १ टक्क्यापेक्षा जास्त नको, विषारी वायू कामाच्या जागी चालणाऱ्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी हवा. आत उतरायच्या परवान्यावर, म्हणजे परमिटवर, सही झाल्यावरही मीटर अंगावर चालू असावा, कारण गाळ ढवळला किंवा गंज खरवडला की आकडे बदलतात.

तोंडाशी एक माणूस कायम उभा असतो. त्याचं काम आत डोकावणं नव्हे. आत कोण, किती वाजता गेला याची नोंद ठेवायची, ठरलेल्या वेळाला हाक मारायची आणि उत्तर आलं नाही की अलार्म द्यायचा. त्यानं आत जायचं नाही, भाऊ पडला असला तरी नाही. विहिरीत दुसरा बळी जातो तो पहिल्याला काढायला उतरलेल्याचा, टाकीतही हेच होतं. सुटकेला श्वसनयंत्र लावलेले लोक जातात. १२०० लिटर हवेचा सिलिंडर जड काम करणाऱ्याला अर्धा तास पुरतो आणि २०० लिटर उरले की शिट्टी वाजते. परतीची वाट त्यातच मोजायची. पळून जाण्यासाठी ठेवलेलं लहान ईईबीडी घालून सुटकेला आत जायचं नसतं, ती हवा दहा-पंधरा मिनिटांचीच असते. नवीन टँकर आणि बल्क जहाजांत टाकीचं आडवं तोंड किमान ६०० बाय ६०० मिलिमीटर असतं. बेशुद्ध माणूस त्यातून उभाच काढावा लागतो, आणि ते जमावं म्हणून जहाजावर दर दोन महिन्यांनी सराव करायचा नियम आहे.

घरच्या विहिरीसाठी यातलं फुकटचं एक घ्या: उतरणाऱ्याच्या काखेखालून दोर आधीच बांधा आणि त्याचं दुसरं टोक वर दोन माणसांच्या हातात असू द्या.

शेतात ऑटो स्टार्टर आहे, रात्री लाइट आली की मोटार आपोआप चालू. जहाजावर इलेक्ट्रिशियनला अशी कोणती सवय नडते?
— एक वाचक, वसमत

तुमच्या पत्रातच उत्तर आहे. जहाजावर निम्म्या मोटारी ऑटो स्टार्टरवरच असतात. चालू पंपाचा दाब पडला की स्टँडबाय पंप स्वतः उठतो, हवेची बाटली उतरली की कॉम्प्रेसर उठतो. मेन वीज गेली तर इमर्जन्सी जनरेटर ४५ सेकंदांच्या आत लोड घेतो. त्यामुळे 'बंद आहे' या शब्दाला अर्थ नाही, 'कुलूप आहे' याला आहे. ड्यूटी इंजिनिअरला सांगा, ब्रेकर पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा. आपलं कुलूप लावा, चावी आपल्याचकडे, वर आपल्या नावाचा टॅग. मग स्टार्टचं बटण दाबून बघा. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासा, मग कामाच्या टर्मिनलवर तिन्ही फेज आपसात आणि प्रत्येक फेज अर्थशी बघा, आणि शेवटी पुन्हा चालू लाइनवर, म्हणजे मधेच टेस्टर मेला नाही ना ते कळेल.

नवखा फसतो तो मोटारीच्या हीटरला. दमट हवेत वाइंडिंग कोरडं राहावं म्हणून मोटार बंद असताना आत हीटर चालू असतो आणि त्याची वीज बहुधा वेगळ्या सर्किटवरून येते. मेन ब्रेकर पाडला तरी त्याच बॉक्समध्ये दोन टर्मिनल जिवंत असतात.

पाळी बदलताना काय होतं त्याचा दाखला ६ जुलै १९८८ चा, ब्रिटनजवळच्या उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मचा. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि त्या जागी पाइपचं तोंड बंद करायला लावलेली चकती, म्हणजे ब्लाइंड फ्लँज, गळती धरेल इतकी घट्ट नव्हती. संध्याकाळच्या पाळीला व्हॉल्व्ह काढल्याचं समजलं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा चालू केला आणि वायू बाहेर पडला. स्फोट आणि आगीत १६७ माणसं गेली. म्हणून अर्धवट काम सोडताना चार गोष्टी लिहून, आणि यंत्रापाशी उभं राहून, सांगा: काय उघडं आहे, काय काढून ठेवलंय, कुलूप कुणाचं, कोणत्या परमिटवर. तात्पुरता लावलेला ब्लाइंडही समोरासमोरचे बोल्ट धरत तीन फेऱ्यांत, ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळायचा.

कारखान्यात गव्हाणीवर क्रेनला इशारे देतो. सप्लाय बोटीवर रिगरचं, म्हणजे क्रेनला वजन बांधून देणाऱ्याचं काम जमेल का?
— एक वाचक, अंबड

जमेल, एक हिशेब पक्का केला तर. दोन टनांचं वजन दोन पायांच्या स्लिंगनं, म्हणजे वजन बांधायच्या दोरानं, उचललं आणि पाय आडव्याशी ६० अंशांत असले तर प्रत्येक पायावर साधारण १.१५ टन येतं. ४५ ला १.४ टन, आणि ३० ला प्रत्येकावर पुरे दोन टन. स्लिंग आखूड पडली म्हणून पसरून लावली की ती तुटते ती अशी. गव्हाणीजवळ जमीन स्थिर असते, बोटीचा डेक मात्र लाटेबरोबर वर-खाली होतो. बोट लाटेच्या माथ्यावर असताना उचलायचं, म्हणजे डेक खाली जातो आणि वजन परत आपटत नाही. इशारा एकानंच द्यायचा, पण 'थांब' कुणीही म्हटलं तरी क्रेन थांबते, तो पोऱ्या कालच आलेला असला तरी. टॅग लाइन, म्हणजे लटकतं वजन आवरायचा दोर, हाताला गुंडाळू नका. आणि वजन व कठड्याच्या मधल्या जागेत उभं राहू नका, रिकामी दिसली तरी.