हातावरचा चट्टा: कुष्ठरोग की दुसरंच काही?

या वेळी हातावरच्या त्वचेबद्दल बरीच पत्रं आलीत आणि जवळजवळ प्रत्येकात कुष्ठरोगाची भीती आहे. चार पत्रं घेते. पहिल्याला जरा जास्त जागा देतेय, कारण ते तातडीचं आहे.

प्रश्न: माझ्या उजव्या हाताला कोपराच्या खाली एक फिकट चट्टा आहे, वर्ष तरी झालं असेल. खाजत नाही, दुखत नाही म्हणून लक्ष दिलं नाही, नायट्याचं मलम लावून बघितलं पण काही फरक नाही. परवा तिथे इस्त्री लागली आणि मला कळलंच नाही, फोड आल्यावर दिसलं. नेटवर बघितलं तर कुष्ठरोग लिहिलंय. झोप उडालीय. कुठली ब्लड टेस्ट करू?

उत्तर: इस्त्रीचं लिहिलंत ते फार बरं केलंत, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. दुखत नाही, खाजत नाही म्हणजे साधंच असेल असं आपल्याला वाटतं आणि याच समजुतीपायी कुष्ठरोगाचे पेशंट वर्षं वर्षं घरी बसतात. या जंतूला थंडावा आवडतो, म्हणून तो शरीराच्या त्यातल्या त्यात गार भागात, म्हणजे त्वचेत आणि त्वचेजवळून जाणाऱ्या नसांमध्ये घर करतो. नस बिघडली की आधी बहुतेक वेळा गरम-गार कळेनासं होतं, मग स्पर्श आणि दुखणं.

ब्लड टेस्टचं म्हणाल तर रक्त तपासून कुष्ठरोग आहे किंवा नाही असं ठामपणे सांगणारी रोजच्या वापरातली टेस्ट नाहीये. निदान होतं ते डॉक्टरांनी बघून आणि हात लावून. मुख्य खुणा तीन. फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्यावर नक्की बधिरपणा, किंवा नस जाड झालेली आणि ती जिथे जाते तिथे बधिरपणा वा अशक्तपणा, किंवा त्वचेच्या स्मिअरमध्ये (त्वचेला बारीक छेद देऊन काढलेला अंश काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात) जंतू सापडणं. यातली एक पक्की मिळाली तरी निदान होतं. तुम्हाला डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकानं किंवा नायलॉनच्या बारीक तंतूनं स्पर्श करतील, जिथे कळलं तिथे बोट ठेवायचं. कोपराच्या आतल्या बाजूला खाचेत जी नस असते (तिथे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात तीच) ती दोन्ही हातांची चाचपून बघतील. हे केलं नाही तर तुम्ही स्वतः सांगा, संकोच करू नका.

स्मिअर निगेटिव्ह आला म्हणून खूश होऊन परत येऊ नका. एक-दोन चट्टे असतील तर जंतू इतके कमी असतात की तो निगेटिव्हच येतो. शंका राहिली तर चट्ट्याच्या कडेची बायोप्सी घेतात, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासतात. आणि हा जंतू हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी १८७३ साली नॉर्वेत पाहिला खरा, पण लॅबमधल्या बशीत तो अजून कोणालाच वाढवता आलेला नाही, त्यामुळे साध्या कल्चरचा इथे उपयोग नाही.

घरी गरम वस्तू किंवा सुई लावून बघू नका प्लीज. स्टिरॉइडचं मलम लावत असाल तर थांबवा, चट्ट्याचं रूप बदलतं आणि बघणाऱ्याची फसगत होते. फोडाची जखम स्वच्छ आणि झाकून ठेवा.

आणि निदान झालंच तर? हा रोग पूर्ण बरा होतो. एमडीटी म्हणजे रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन अशी औषधं एकत्र, पाच किंवा कमी चट्टे असतील तर ६ महिने, जास्त असतील किंवा स्मिअरमध्ये जंतू दिसले तर १२ महिने. रिफाम्पिसिननं लघवी लालसर होते, क्लोफाझिमिननं त्वचा काळपटते आणि औषध संपल्यावर हळूहळू निवळते, तेवढ्यासाठी गोळ्या सोडू नका. मधेच चट्टा लाल होऊन सुजला किंवा नस दुखायला लागली तर गोळ्या चालू ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा, ती रोगाची रिअ‍ॅक्शन असते, औषधाची अ‍ॅलर्जी नव्हे, आणि त्यात हात वाचवायला वेगळं औषध लागतं. घरच्यांपासून लांब राहायची, भांडी वेगळी करायची काही गरज नाही. हात लावून हा पसरत नाही, उपचार न घेतलेल्या माणसाच्या खूप दिवसांच्या जवळच्या सहवासातून पसरतो, आणि बहुतेक लोकांना मुळात प्रतिकारशक्ती असतेच. घरच्यांनी मात्र एकदा तपासून घ्यावं.

प्रश्न: आईच्या दोन्ही हातांच्या बोटांवर पांढरे डाग आलेत, ओठांजवळही. नातेवाईक तिच्या हातचं पाणी घेत नाहीत. हा कुष्ठरोग आहे का?

उत्तर: वर्णनावरून हे कोड वाटतं, आणि कोड हा संसर्गच नाही. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो, दुधासारखा पांढराशुभ्र होत नाही. कोडाच्या डागावर स्पर्श, गरम-गार सगळं नीट कळतं, कधी कधी तिथले केस पांढरे होतात. स्किनच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, थायरॉइडही तपासून घ्या कारण कोडाबरोबर त्याचा त्रास बऱ्याच जणांना असतो. नातेवाईकांचं वाचून फार वाईट वाटलं. कुष्ठरोग असता तरी असं वागणं चूकच होतं. आईंना हे उत्तर वाचून दाखवा.

प्रश्न: बागेत काम करताना बोटाला काटा लागला, तिथे गाठ आली, फुटली, आणि आता मनगटापासून वर एका रेषेत गाठी आल्यात. दोन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, उपयोग शून्य.

उत्तर: गाठी अशा रेषेत चढायला लागल्या की स्पोरोट्रायकोसिस नावाच्या बुरशीच्या आजाराचा विचार आधी करतात, माती, काटे, वाळलेल्या गवतातून ही बुरशी आत शिरते. घरात माशांची टाकी असेल आणि तुम्ही ती साफ करत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, पाण्यातला एक जंतू आहे, कुष्ठरोगाच्या जंतूचाच भाऊबंद, तो अगदी अशाच गाठी करतो. हे न सांगितल्यामुळे निदान महिनोन्महिने लांबतं. बायोप्सी घेताना एक तुकडा फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवायचं रसायन, त्यात जंतू मरतात) आणि दुसरा फॉर्मलिनशिवाय कल्चरसाठी जायला हवा, हे आधीच विचारून घ्या. सगळाच फॉर्मलिनमध्ये गेला तर कल्चर होत नाही. बुरशी निघाली तर बहुतेक वेळा इट्राकोनॅझोल काही महिने घ्यावं लागतं.

प्रश्न: मुलाच्या (वय १९) हातावर एकही डाग नाही, पण करंगळी आणि शेजारचं बोट बधिर आहे, दोन महिन्यांपासून ती आत वळायला लागलीत. हा स्किनचा प्रश्न तरी आहे का?

उत्तर: असू शकतो. डाग अजिबात नसताना फक्त नसांचा कुष्ठरोग होतो, आणि तो नेमका सुटून जातो कारण स्किनच्या डॉक्टरांकडे जायचं कोणाला सुचतच नाही. कोपराशी नस दबली, मानेत किंवा मज्जारज्जूत काही असलं तरी असंच दिसतं, त्यामुळे माझ्या मते न्यूरॉलॉजिस्ट आणि स्किनचे डॉक्टर दोघांना दाखवा. नसेच्या वहनाची टेस्ट आणि सोनोग्राफी करतील, गरज पडली तर स्पर्शाच्या एखाद्या बारीक नसेची बायोप्सी. घरी एवढंच बघा: बोटं सरळ ठेवून करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या मधे कागद धरायला सांगा आणि तो ओढा. दुसऱ्या हातापेक्षा सहज निसटला तर ताकद कमी झालीय. पुढच्या महिन्यावर ढकलू नका, कुष्ठरोगाच्या नसेचा अशक्तपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर प्रेडनिसोलोननं (स्टिरॉइडच्या गोळ्या, डॉक्टरांच्या सल्ल्यानंच) ताकद परत यायची बरीच आशा असते, नंतर ती कमी होत जाते. तोपर्यंत गरम भांडं त्या हातानं उचलू देऊ नका आणि रोज रात्री त्याची बोटं नीट बघा, भाजलं-कापलं असेल तर त्याला कळणार नाही.