संन्याशाला सुळी की फाशी?

कोरेगावच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय : वर्गातली मुलं ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ म्हणतात, माझी आजी मात्र ‘संन्याशाला सुळी’ म्हणायची. बरोबर काय? आणि ‘सुळी’ हा ‘फाशी’सारखाच स्त्रीलिंगी शब्द का?

बाई, दोन्ही रूपं रूढ आहेत, पण मला तुमच्या आजींची म्हण जास्त आवडते.

मूळ शब्द सूळ, पुल्लिंगी, संस्कृत शूल. जमिनीत रोवलेला टोकदार खांब, त्यावर गुन्हेगाराला जिवंत चढवायचे. पोटात उठतो तो शूळही तोच, टोचणारा.

‘सुळी’ हे याच शब्दाचं सप्तमीचं रूप. दारी, कानी, गळी, तसं सुळी, म्हणजे सुळावर. जुन्या छापील पुस्तकांत ‘सुळीं’ असा अनुस्वार दिसतो, तो या सप्तमीचाच. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी तो गेला आणि ‘सुळी’ नुसत्या नामासारखी दिसू लागली. पारख सोपी आहे. ‘फाशीची शिक्षा’ म्हणतो, ‘सुळीची शिक्षा’ कुणी म्हणत नाही; ‘सुळाची’ म्हणतो. फाशी हे स्वतंत्र नाम.

आपल्या साताऱ्याचंच वाक्य घ्या. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना इंग्रजांनी मारलं : पाचांना फाशी दिली, सहांना तोफेच्या तोंडी दिलं, सहांना गोळ्या घातल्या. ‘फाशी दिली’, पण ‘तोंडी दिलं’. पहिल्यात क्रियापद फाशीच्या लिंगानं चालतं. दुसऱ्यात ‘तोंडी’ म्हणजे तोंडात, त्याचा क्रियापदावर काहीच हक्क नाही. म्हणून ‘हत्तीच्या पायी दिलं’, आणि म्हणून ‘संन्याशाला सुळी दिलं’. ‘सुळी दिली’ लिहिलेलं दिसलं की मला फार खटकतं. साताऱ्यातल्या चार भिंतींकडे, म्हणजे सत्तावनच्या हुतात्म्यांच्या स्मारकाकडे, मुलांना नेलंत, तर हे वाक्य तिथेच फोडून दाखवा.

आता संन्यासी. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषी आहेत. मौनव्रत चाललेलं, चोर त्यांच्या आश्रमात ऐवज लपवून दडले, आणि शिपायांनी विचारलं तरी ऋषी बोलले नाहीत. राजानं चोरांबरोबर त्यांनाही सुळी दिलं. कथेत चोर सुटत नाहीत, तेव्हा म्हण थेट इथूनच निघाली असं मी म्हणणार नाही. पण निरपराध तपस्वी आणि सूळ ही जोडी किती जुनी आहे, ते यातून कळतं. मांडव्य मेले नाहीत. सूळ उपसता येईना म्हणून तो कापला. टोक, म्हणजे अणी, अंगातच राहिली, आणि ते अणीमांडव्य झाले.

वर्गात ही गोष्ट आधी सांगा, सप्तमी मागून.