सूप पातेल्यात होतं, मिक्सरमध्ये नाही

थंडी पडली की या सदराच्या टपालात सूपच सूप असतं. यंदाच्या पत्रांपैकी काही निवडली आहेत. तेच प्रश्न ज्यांनी विचारले होते, त्यांनी इथलं उत्तर आपलंच समजावं.

ताई, गाजर, टोमॅटो, फ्लॉवर, भोपळा, मटार असं सगळं भरपूर पाण्यात शिजवते, मिक्सरमधून काढते आणि गाळून घेते. तरी सूप पाणचट लागतं. मग कॉर्नफ्लोअर घाला, क्रीम घाला. अशानं ते पौष्टिक कसलं?

तुमचं पत्र चांगलं पानभर आहे, पण त्यात कांदा कुठेच नाही. तेलही नाही. भाज्या थेट पाण्यात गेल्या की त्यांना चव धरायला वेळच मिळत नाही, आणि मिक्सर काही चव आणून देत नाही. जे पातेल्यात असेल, तेच तो गुळगुळीत करतो.

दोन चमचे तेलात एक मोठा कांदा चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर दहा मिनिटं परता. तांबूस करायचा नाही, मऊ आणि गोडसर झाला पाहिजे. मग भाजीच्या फोडी घालून पाच मिनिटं झाकण ठेवा, त्यांना स्वतःचंच पाणी सुटू द्या. त्यानंतर गरम पाणी घाला, तेही फोडी जेमतेम बुडतील इतकंच. अर्धा किलो भाजीला साधारण सहाशे मिलिलिटर पुरतं. दाट सूप सैल करायला अर्धा मिनिट लागतो. सैल झालेलं दाट करायला मात्र तुमचं ते कॉर्नफ्लोअर लागतं. दाटपणा हवाच असेल तर पाण्याबरोबर मूठभर मसूर डाळ किंवा दोन मोठे चमचे ओट्स टाका. वाटल्यावर त्यांचा पत्ताही लागत नाही.

तेलाला घाबरू नका. गाजर-भोपळ्यातलं बीटा कॅरोटिन आणि टोमॅटोतलं लायकोपिन स्निग्धात विरघळतं, त्यामुळे थोडं तेल सोबत असलं की ते शरीरात जास्त शोषलं जातं. शिवाय शिजवण्यानं आणि वाटण्यानं भाजीच्या पेशींच्या भिंती फुटतात, म्हणून या बाबतीत कच्च्या गाजरापेक्षा गाजराचं सूप सरस ठरतं. क जीवनसत्त्वाचं गणित वेगळं. त्यातलं काही उष्णतेनं जातंच, पण पाण्यात उतरलेलं निदान वाटीत तरी येतं.

आता गाळणी. ती खाली ठेवा. गाळणीत उरतो तो चोथा नव्हे, भाजीतला तंतू आहे. टोमॅटोची सालं आणि बिया खटकत असतील तर तेवढं गाळा, बाकी काही नाही.

लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर. आंबट पदार्थ आधी घातला तर गाजरासारख्या कडक भाज्या मऊ व्हायला फार वेळ घेतात. टोमॅटोही म्हणूनच गाजर मऊ झाल्यावर घालावा.

आणखी एक, हे माझं वैयक्तिक मत समजा: पाच भाज्या एकत्र वाटल्या की रंग मातकट होतो आणि चव कुणाचीच राहत नाही. एक भाजी मुख्य ठेवा, दुसरी तिच्या सोबतीला. उरलेल्या तीन उद्या-परवा.

पालकाचं सूप शेवाळी दिसतं. चिमूटभर सोडा घातला तर चालेल का?

नको. सोड्यानं रंग टिकतो, पण पानं गिळगिळीत होतात आणि ब१ व क जीवनसत्त्वांचा नाश होतो. हिरवा रंग जातो तो आम्लामुळे आणि जास्त वेळच्या उष्णतेमुळे. हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरव्याचं शेवाळी होतं. सूपचा बाकी ऐवज पूर्ण शिजू द्या, शेवटच्या दोन मिनिटांत पालक टाका, झाकण उघडं ठेवा आणि लगेच वाटा. लिंबू ज्यानं त्यानं आपापल्या वाटीत पिळावं.

बटाट्याचं सूप मिक्सरमध्ये फिरवलं की लेईसारखं चिकट का होतं?

कारण ते खरंच लेईच्या वाटेवर असतं. जोरात फिरवल्यावर शिजलेल्या बटाट्यातल्या स्टार्चचे फुगलेले कण फुटतात आणि सगळं ताणलं जातं. बाकी भाजी वाटून घ्या, बटाटा बाहेर काढून रवीनं घोटा आणि नंतर मिसळा.

गरम सूप मिक्सरमध्ये घातलं आणि झाकण उडून छतापर्यंत शिंतोडे गेले. सुदैवानं हातावर थोडंच आलं. थंड होईपर्यंत थांबणं हाच उपाय का?

थांबलात तर उत्तमच, पण पूर्ण थंड व्हायची गरज नाही. वाफ कोंडली की ती झाकण ढकलते. म्हणून भांडं एक तृतीयांशच भरा, झाकणाच्या मधलं छोटं बूच काढा, त्यावर जाड फडकं चौपदरी धरा आणि सर्वांत कमी वेगानं सुरुवात करा. चटणीच्या बंद भांड्यात, ज्याला वाफ जायला वाटच नसते, गरम सूप कधीच नाही. हँड ब्लेंडर असेल तर त्याचं डोकं सूपात पूर्ण बुडवून मगच बटण दाबा आणि फिरत असताना वर उचलू नका.

वडिलांना किडनीचा आजार आहे. ताकद यावी म्हणून रोज टोमॅटो-पालक-बटाट्याचं सूप देते. मीठ अगदी कमी सोडियमचं वापरते. ठीक आहे ना?

डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारेपर्यंत थांबवा. तुम्ही निवडलेल्या तिन्ही भाज्यांत पोटॅशियम भरपूर असतं. आजारी किडनी ते नीट बाहेर टाकू शकली नाही तर रक्तात साठतं, आणि त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. अशा रुग्णांसाठी भाजी पुष्कळ पाण्यात उकळून ते पाणी फेकायला सांगतात. सूपात नेमकं उलट होतं, सगळं पाणी पोटात जातं. कमी सोडियमच्या बऱ्याच मिठांत सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं, तेव्हा पाकीट वाचा आणि डॉक्टरांना दाखवा. काही रुग्णांना पाणीही मोजून प्यायचं असतं. त्यांच्या बाबतीत सूपाची वाटी त्या मापात धरायची.

याच ओघात: रक्त पातळ ठेवण्यासाठी जे वॉरफरिन घेतात, त्यांनी पालकाचं सूप एकदम रोज सुरू करू नये. पालकातल्या के जीवनसत्त्वानं गोळीचा परिणाम कमी होतो. पालक वर्ज्य नाही, प्रमाण मात्र दर आठवड्याला सारखं हवं.

बाजारातली सूपची वडी चवीला घातली तर काय बिघडतं?

तिच्यात मुख्य ऐवज मिठाचा असतो. मोठ्या माणसानं दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वडी घातलीत तर वरून मीठ घालू नका. कांदा नीट परतलात तर तिची आठवणही येणार नाही.

बीटचं सूप प्यायल्यावर लघवी गुलाबी झाली. घाबरले.

बीटचा रंग काही जणांच्या लघवीत उतरतो. तो आपोआप जातो. बीट न खाताही तसं दिसलं तर मात्र डॉक्टरांकडे जा.

रात्री फक्त सूप पिऊन झोपलं तर वजन उतरेल का?

मध्यरात्री भुकेनं उठून बिस्किटांचा डबा उघडलात तर कसं उतरेल? नुसत्या भाजीच्या सूपात प्रथिनं फारच कमी. त्यात शिजवलेली डाळ, राजमा किंवा छोले वाटून घाला, किंवा सोबत उकडलेलं अंडं घ्या. थोड्या फोडी न वाटता ठेवा, चावायला काहीतरी असलं की जेवल्यासारखं वाटतं.

रविवारी मोठं पातेलंभर करून आठवडाभर पुरवते. चालेल?

तीन-चार दिवसांचं फ्रिजमध्ये, बाकीचं फ्रीजरमध्ये. पातेलं रात्रभर ओट्यावर राहू देऊ नका. उथळ डब्यांत ओता म्हणजे लवकर निवेल, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. पिताना हवं तेवढंच काढून खळखळून उकळा. पुन:पुन्हा गरम करून परत आत ठेवणं नको. फ्रीजरच्या डब्यात वर बोटभर जागा सोडा, कारण गोठताना पाणी फुगतं. दूध, क्रीम किंवा दही घालायचं असेल तर गोठवण्याआधी नको, नंतर वितळून सूप फुटतं. दही तर गॅस बंद केल्यावरच: आधी त्यात दोन डाव गरम सूप मिसळा आणि मग ते पातेल्यात ओता.