मेकअप काढण्याचे घरगुती मिश्रण का नासते?

प्रश्न : बदामाचे तेल, कोरफडीचा ताजा गर आणि उकळून गार केलेले पाणी समप्रमाणात घेऊन मी मेकअप काढण्यासाठी मिश्रण तयार केले. ते टिकावे म्हणून त्यात व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूलही फोडून घातल्या. सुरुवातीला ते उत्तम चालले. मात्र दोन आठवड्यांनी त्याला आंबूस वास येऊ लागला आणि डोळे चुरचुरू लागले. माझे नेमके काय चुकले?

उत्तर : सर्वप्रथम ती बाटली टाकून द्या आणि या दिवसांत वापरलेला मस्काराही पुन्हा वापरू नका. डोळे लाल झाले असतील, दुखत असतील किंवा त्यांतून चिकट स्राव येत असेल, तर घरगुती उपाय न करता नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

तुमच्या मिश्रणातील तेलाची निवड योग्य होती. नासले ते पाणी आणि कोरफडीचा गर. जिथे पाणी असते तिथे जीवाणू आणि बुरशी वाढतात, आणि वनस्पतीच्या ताज्या गरातून त्यांना आयते खाद्य मिळते. पाणी उकळल्यामुळे त्यातील जंतू मरतात हे खरे, पण बाटली, बोटे आणि गर यांच्यामार्फत नवे जंतू आत शिरतातच. व्हिटॅमिन ईबद्दलचा गैरसमज तर फार जुना आहे. ते तेल खवट होण्याची क्रिया लांबवते. जंतूंना मात्र ते रोखत नाही.

मुळात या कामासाठी पाण्याची गरजच नसते. वॉटरप्रूफ मस्कारा किंवा दीर्घकाळ टिकणारी लिपस्टिक यांत मेण, तेले आणि सिलिकोन असतात, जी पाण्याला दाद देत नाहीत, परंतु तेलात सुटी होतात. म्हणून बाटलीत केवळ तेल ठेवावे. 45 मिलीलीटर बदामाच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलात 5 मिलीलीटर पॉलिसॉर्बेट-80 (तेल आणि पाणी एकजीव करणारा घटक) मिसळले, तर हे मिश्रण चेहऱ्यावर पाणी लागताच दुधासारखे पांढरे होऊन सहज धुतले जाते. हा घटक सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे मिळतो. तो नसेल तर नुसते तेलही पुरते. फक्त नंतर सौम्य फेसवॉश वापरावा लागतो. एका वेळी 50 मिलीलीटरपेक्षा जास्त करू नका, बाटली गडद काचेची आणि पूर्ण कोरडी असू द्या, आणि ओल्या हाताने तेल घेण्याचा मोह टाळा, कारण पाण्याचे थेंब आत गेले की मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो.

वापरताना घाई नको. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढून ठेवा. कापसावर तीन-चार थेंब घेऊन तो मिटलेल्या पापणीवर 20 ते 30 सेकंद नुसता धरून ठेवा आणि मग खालच्या दिशेने अलगद पुसा. बहुतेक जणी इथेच चोळतात आणि नंतर तेलाला दोष देतात. तेल डोळ्यात गेलेच, तर थोडा वेळ धूसर दिसते. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा.

प्रश्न : माझ्या चेहऱ्यावर मुरुमे येतात. मी खोबरेल तेल वापरू का?

उत्तर : शक्यतो नको. खोबरेल तेलाने अनेकांची रंध्रे बुजतात. जोजोबा तेल वापरून पाहा; रासायनिकदृष्ट्या ते द्रवरूप मेण असून बहुतेकांच्या त्वचेला मानवते. तरीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून 24 तास वाट पाहा आणि चेहऱ्यावर लावल्यानंतर ते पूर्ण धुऊन टाका. कृत्रिम पापण्या चिकटवून घेतल्या असतील, तर मात्र डोळ्यांभोवती कोणतेच तेल नको, कारण त्याने गोंद सैल पडू शकतो.

प्रश्न : खाण्याचा सोडा किंवा लिंबाचा रस मिसळल्याने मेकअप लवकर निघतो का?

उत्तर : नाही, आणि त्वचेला त्रास मात्र होतो. त्वचेचा सामू (pH, म्हणजे आम्लता मोजण्याचे माप) साधारण 5 च्या आसपास असतो, सोड्याच्या पाण्याचा 8 च्या वर आणि लिंबाच्या रसाचा 2 च्या जवळपास. पापणीसारख्या पातळ त्वचेवर हे दोन्ही प्रयोग मी कोणालाही सुचवणार नाही. सुगंधी अर्कांचे थेंबही त्याच यादीत धरा.